प्लायवूडच्या पलटणीची विधवा

आमच्या स्लिवोवो गावात माणूस एकदाच मरत नाही. पहिल्यांदा मरतो तेव्हा त्याचं पत्रक निघतं: काळी चौकट, फोटो, नाव, वय आणि मागे कोण कोण रडतंय त्यांची नावं. ते घराच्या दारावर, विजेच्या खांबांवर, बेकरीच्या भिंतीवर, बसथांब्यावर लागतं. मग चाळिसाव्या दिवशी दुसरं, तीन महिन्यांनी तिसरं, सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि पुढे घरच्यांचा दम टिकेल तोवर. हे सगळं मी छापतो. माझं नाव मेतोदी. लग्नपत्रिकाही छापतो, पण लोक लग्न पुन्हा केलं तरी पत्रिका एकदाच काढतात. माझं घर चालतं ते मेलेल्यांवर, आणि त्यात मला काही लाज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की. लावलेलं पत्रक कोणी फाडत नाही. ऊन-पावसानं गळून पडेल तेव्हा पडेल. जो फाडेल त्याच्या घरचं पत्रक पुढचं, असं आमच्या आज्या सांगायच्या. देव न मानणारे आमच्याकडे ढिगानं आहेत; हे न मानणारा मला अजून भेटायचाय.

कुझ्मानदादा गेला तो गावच्या भट्टीवर, आलूबुखारची दारू गाळताना. पहिल्या धारेचा घोट घेतला, "झकास" म्हणाला, बाकावर टेकला तो उठलाच नाही. गावातल्या निम्म्या पुरुषांना हेवा वाटला. बायको स्तामेनाताई भट्टीवर धावत आली तेव्हा सगळे तिला सांगत होते की बघ, चेहरा कसा समाधानी आहे. ती म्हणाली, "समाधानी असेलच. पेन्शनचा अर्ज आता मला करायचाय."

कारण अर्ज राहून गेला होता. कुझ्मानदादा शेवटची काही वर्षं शाळेचा बॉयलर पेटवायचा, पण त्याआधी बावीस वर्षं तो लष्करात सार्जंट होता. पेन्शनचं वय व्हायला थोडंसंच बाकी होतं. स्तामेनाताईची स्वतःची पेन्शन टोमॅटोच्या कारखान्याची. त्यात एक तर हिवाळ्याची लाकडं येत, नाही तर ब्लडप्रेशरच्या गोळ्या. दोन्ही येत नसत. नवऱ्याची पेन्शन मिळाली नाही तर घर विकून प्लेव्हेनला लेकीकडे जायचं, आठव्या मजल्यावर, जिथे जावई जेवतानाही टीव्हीकडेच तोंड करून बसतो. "तिथे मी जाणार नाही," ती म्हणायची. "आठव्या मजल्यावरून कोंबड्यांना हाक कशी मारायची?"

आता ही पलटण कसली ते सांगायला हवं. नदीपलीकडच्या कुरणात ती होती. रणगाडा पलटण. रणगाडे प्लायवूडचे, तोफा पत्र्याच्या नळ्या, खाली चाकं. शत्रूचं विमान वरून गेलंच तर त्याला वाटावं, बाप रे, स्लिवोवोत एवढे रणगाडे! कुझ्मानदादाचं काम रणगाड्यांना रणगाड्यांसारखं दिसायला लावायचं. पाऊस झाला की प्लायवूड फुगायचं, तोफा माना टाकायच्या. हा सरस आणि खिळे घेऊन फिरायचा. गायी येऊन अंग घासायच्या, त्यांना हाकलायचा. एकदा त्यानं वर कळवलं की सुतारपक्ष्याच्या हल्ल्यात एक रणगाडा निकामी झाला आहे. वरून उत्तर आलं: शत्रूची संख्या कळवा.

हे सगळं गुपित होतं. म्हणजे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण बोलायचं नाही असं होतं. तिथे शिपाई म्हणून येणाऱ्या प्रत्येक पोराकडून सही घेत: मरेपर्यंत कोणाजवळ बोलणार नाही. मग काळ बदलला, शत्रू मित्र झाले, प्लायवूडला कोणी वाली उरला नाही, आणि एका हिवाळ्यात पलटण गावातल्या शेगड्यांमधून धूर होऊन गेली. कुझ्मानदादाच्या वाट्याला फक्त टोपणनाव राहिलं. लोक त्याला तोंडावर "प्लायवूड" म्हणायचे आणि तो हसायचा. स्तामेनाताई हसायची नाही.

सैनिकी कार्यालय आमच्या बसस्थानकाशेजारी आहे. खिडकीत झिव्का बसते. वाईट बाई नाही, पण खिडकीत बसलं की माणसाला काय होतं देव जाणे. पहिल्या दिवशी मी ताईबरोबर गेलो होतो, तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही म्हणून. झिव्कानं कागद पाहिले आणि मान वर केली.

"काकू, ही पलटण नोंदीत नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नव्हतीच. ती शत्रूला फसवायला होती. आहे असं शत्रूला वाटायचं. आपल्याला कशाला वाटेल?"

"मग माझा नवरा बावीस वर्षं रोज सकाळी कुठे जात होता?"

"ते मी कसं सांगणार? नवरा तुमचा."

रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. स्तामेनाताईनं खिडकीवर हात टेकले.

"बाळ, रणगाडे प्लायवूडचे होते. नवरा नव्हता."

"पगार बांधकाम खात्यातून जायचा त्यांचा. सुतारकामाच्या सदरात."

"बरं, मग सुताराची पेन्शन दे."

झिव्कानं दुसरं बाड काढलं, बोट फिरवलं. "सुतारांत त्यांचं नाव नाही. इथे लिहिलंय, 'हा माणूस सैनिक आहे, सुतारांत धरू नये.'"

मी म्हणालो, "मग झालं की! सैनिक आहे असं लिहिलंय!"

"सुतारांच्या बाडात लिहिलंय, मेतोदी. सुतारांच्या बाडावरून सैनिक ठरत नाही." मग तिला जरा कीव आली असावी. "त्याच पलटणीत होते असे दोन जण आणा. त्यांनी साक्ष दिली तर चालतं, तसा नियम आहे. पण नसलेल्या पलटणीतले असलेले दोघे तुम्ही आणणार कुठून?"

असलेले होते की. गिरणीवाला गेनो तिथेच शिपाई होता. ताई त्याच्याकडे गेली. पिठानं पांढरा झालेला गेनो दारात उभा राहिला आणि आणखी पांढरा झाला.

"ताई, मी सही केलीय."

"कशावर?"

"ते सांगता येत नाही."

"अरे, मी कुझ्मानचा डबा घेऊन कुरणात यायचे, तेव्हा माझ्या भरल्या मिरच्या कोण खायचं?"

"मिरच्या आठवतात," गेनो म्हणाला. "पलटण नाही आठवत."

आणखी एक होता, बसवाला. त्यानं तर बस चालू करून टाकली. अजून सुटायला वेळ होता, आत प्रवासीही नव्हते. रिकामी बस घेऊन तो गेला आणि परत कधी आला ते मला माहीत नाही. लोक भेकड असतात, पण इतके? शत्रू संपला, सरकारं बदलली, ज्यानं सही घेतली तो कॅप्टन मेला, त्याचं पत्रक मीच छापलं. आणि हे अजून तोंड शिवून बसलेत. मला भयंकर राग आला होता.

चाळिसाव्याचं पत्रक करायला ताई आली तेव्हा तिनं फोटो आणला गणवेशातला. म्हणाली, "नावाखाली ठळक लिही: सार्जंट, रणगाडा पलटण, स्लिवोवो." मी लिहिलं. खांबावर लागलं, बेकरीवर लागलं. आणि एक तिनं नेऊन चिकटवलं सैनिकी कार्यालयाच्या काचेच्या दारावर, वेळापत्रकाच्या बरोबर वर.

झिव्का दुपारी माझ्या दुकानात आली. "हे तू छापलंस?"

"मी गिरणी आहे. लोक आणतील ते दळतो."

"चुकीचं छापलंस. नसलेल्या पलटणीचा सार्जंट! आमच्याच दारावर! येणारे-जाणारे विचारतात, ही पलटण कुठली?"

"मग फाड की."

"तू फाड. छापलंस तू."

"माझ्या घरी म्हातारी आई आहे," मी म्हणालो.

"माझ्या घरी काय तरुण आहे?" ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

कार्यालयाचे मुख्य कर्नल बोयाजीएव. मोठा माणूस, मोठ्या मिश्या, आवाज असा की बसस्थानकावरची कबुतरं उडतात. त्यांनी शिपायाला सांगितलं, काढ ते. शिपाई म्हणाला, साहेब, माझी बायको पोटुशी आहे. सफाईवाल्या बाईला सांगितलं. तिनं दार पुसलं, इतकं लख्ख कधी पुसलं नव्हतं, पण पत्रकाच्या कडेकडेनं. मग कर्नल स्वतः गेले म्हणतात. पत्रकासमोर उभे राहिले, हात वर नेला आणि तो हात आपोआप कपाळाकडे गेला. क्रुसाची खूण करून ते आत गेले.

तीन महिन्यांचं पत्रक आलं. सहा महिन्यांचं आलं. प्रत्येक वेळी तोच गणवेश, तेच 'सार्जंट, रणगाडा पलटण'. दर वेळी ती चार-चार चिकटवायची; दाराचं एक झडप भरलं, मग दुसरं, मग मधली फटही. दार उघडताना पत्रक फाटेल या भीतीनं लोक ते उघडेनात. सगळा कारभार मागच्या दारानं, कोळशाच्या खोलीतून सुरू झाला. लष्करातून निवृत्त झालेले मेजर-बिजर हातांवर काळं घेऊन खिडकीपाशी येत आणि त्यांच्या कागदांवर कोळशाचे ठसे उमटत. झिव्का ताईला दर महिन्याला तेच सांगायची, आणि ताई दर महिन्याला तेच विचारायची. लेकीचा फोन यायचा की घराला गिऱ्हाईक आलंय. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे तर सहा महिनेही थांबून कंटाळले.

त्या हिवाळ्यात ताईनं लाकडं घेतली, गोळ्या घेतल्या नाहीत. मला हे नंतर कळलं. फेब्रुवारीत बेकरीपुढे चक्कर येऊन पडली तेव्हा. मी तिला घरी सोडलं, तर अंथरुणातून म्हणते, "मेतोदी, मी आता मेले तर माझ्या पत्रकावर काय लिहिशील? नसलेल्या सार्जंटची बायको?" घरी येऊन बायकोवर उगाच ओरडलो.

वर्ष व्हायला आलं तेव्हा ती परत दुकानात आली. कुझ्मानदादाचं वर्षाचं पत्रक सांगितलं, आणि म्हणाली, "आणखी एक. पलटणीचं."

"पलटणीचं काय?"

"पलटण मेली ना? तिचं पत्रक कोणी काढलं? कोणी रडलं? बेवारस गेली बिचारी."

"ताई, पलटणीचा फोटो कुठून आणू?"

"नसलेल्या गोष्टीचा फोटो कसा असेल? चौकट रिकामी ठेव."

आयुष्यात मी हजारो पत्रकं छापली असतील, पण रिकामी चौकट पहिल्यांदाच. खाली तिनं सांगितलं तसं: 'आमची लाडकी रणगाडा पलटण. जन्म कोणी नोंदवला नाही, मृत्यू कोणी कळवला नाही. मागे राहिली सार्जंट कुझ्मानची विधवा स्तामेना, आणि ज्यांना ज्यांना आठवतं ते सगळे. तिच्या नावाचे गहू आणि वाइन गुरुवारी दुपारी, सैनिकी कार्यालयाच्या पायरीवर.' एक तिनं कार्यालयाच्या दारावर लावलं, बाकीची बसमधून जाऊन आजूबाजूच्या सगळ्या गावांत लावली. रिकामी चौकट बघून लोक थांबायचे, वाचायचे, टोपी काढायचे. मग टोपी कोणासाठी काढली ते त्यांना कळायचं नाही, आणि एकदा काढलेली टोपी पटकन घालायलाही बरं दिसत नाही.

गुरुवारी तिनं पायरीवर टेबल मांडलं. साखर आणि अक्रोड घालून उकडलेले गहू, पाव, वाइन. मला वाटलं होतं आम्ही दोघंच असू, आणि फार तर फुकटची वाइन म्हणून दोघेतिघे. पण बसमधून माणसं उतरू लागली. टकली, पोटं सुटलेली, काठी टेकणारी माणसं. एकमेकांकडे चोरून बघत होती. एक जण गहू घेऊन, मेलेल्यासाठी म्हणतात तसं, म्हणाला, "देव तिला क्षमा करो." दुसरा म्हणाला, "तू कुठला? कितव्या तुकडीचा?" पहिला घाबरला. मग दुसराच म्हणाला, "अरे, पलटणच गेली. आता गुपित ठेवायचं ते कोणाचं?"

झालं. बांध फुटला. आमच्याकडे मेलेल्याच्या गव्हावर त्याच्याबद्दल बोलावंच लागतं, गप्प राहणं हा अपमान असतो. एक सांगू लागला की त्याच्या रणगाड्यात मधमाश्यांनी पोळं केलं होतं आणि त्या मधावर त्याचं लग्न जमलं. दुसरा सांगे की वारा सुटला की ते रणगाडे दोरानं झाडाला बांधायचे. एक बारीकसा म्हातारा पुढे आला, म्हणाला, मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा मला झुडपात बसवून इंजिनाचा आवाज तोंडानं काढायला लावला होता, दोन वर्षं माझी तीच नोकरी. "काढून दाखवा," कोणीतरी म्हणालं. म्हाताऱ्यानं वाइनचा घोट घेतला, डोळे मिटले आणि असा काही आवाज काढला की बसस्थानकावरच्या ड्रायव्हरनं आपली गाडी बंद आहे ना ते तपासलं.

गेनोही आला. मान खाली घालून ताईपुढे उभा राहिला. "ताई, मिरच्या चांगल्या होत्या, पण कुझ्मानदादा त्याहून चांगला होता. मला थंडीत त्याचा कोट द्यायचा." आणि रडायला लागला. ताईनं त्याला गहू दिले. शिव्या द्यायला हव्या होत्या, मी दिल्या असत्या.

आवाज ऐकून कर्नल बोयाजीएव कोळशाच्या खोलीतून, इमारतीला वळसा घालून आले. मागून झिव्का. कर्नल ओरडण्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात त्यांना दारावरची रिकामी चौकट दिसली. टोपी निघाली. ताईनं गव्हाची वाटी आणि चमचा पुढे केला. मेलेल्याचे गहू नाकारायचे नसतात. कर्नलनी चमचाभर तोंडात घातले, चावले, आणि मिश्यांतून म्हणाले, "देव क्षमा करो."

"कोणाला, साहेब?" ताईनं विचारलं.

कर्नलनी चमचा वाटीत ठेवला.

"पलटणीला," कर्नल म्हणाले.

झिव्का मागून हळूच म्हणाली, "साहेब, पण ती आपल्या नोंदीत नाही."

"झिव्का, मी तिचे गहू खाल्लेत. आता काय थुंकू?"

झिव्कानं त्यांच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग स्वतःच एक चमचा घेतला. साक्षी तिथेच टेबलावर घेतल्या. नियमाप्रमाणे दोन पुरत होत्या, पण एकदा सुरू झाल्यावर कोणी थांबेना. प्रत्येकाला आपली साक्ष द्यायचीच होती. इंजिनवाल्या म्हाताऱ्यानं साक्षीत आवाजही लिहून घ्या असा हट्ट धरला आणि झिव्कानं तो जमेल तसा लिहून घेतला. निम्म्या कागदांवर वाइन सांडली होती. ते सगळं बाड तसंच राजधानीला, सोफियाला गेलं.

मंजुरी हिवाळा सरता सरता आली. मी तिला वाचून दाखवली: 'अस्तित्वात नसलेल्या रणगाडा पलटणीतील सार्जंट कुझ्मान यांच्या पत्नीस पेन्शन मंजूर.' मला राग आला, म्हटलं, अजून नसलेल्याच म्हणतात, हलकट! ताई म्हणाली, "म्हणू देत. सार्जंट म्हणालेत ना?" दुसऱ्या महिन्यात तिनं लाकडंही घेतली आणि गोळ्याही घेतल्या, आणि लेकीला फोन करून सांगितलं की गिऱ्हाइकाला दुसरं घर बघायला सांग.

मला वाटलं, आता ताई सुटली. गावात ताठ मानेनं चालायची. प्लायवूड म्हणायची कोणाची टाप नव्हती. मग दीड वर्षाच्या पत्रकाची वेळ आली. ती दुकानात आली. मी म्हटलं, "जुनाच मजकूर ना? जुळवून ठेवलाय." ती नको म्हणाली आणि पर्समधून एक फोटो काढला.

अंगणात बाजेवर कुझ्मानदादा झोपलाय. अंगात बनियन, तोंड उघडं, पोटावर मांजर, एक पाय खाली लोंबतोय.

"हा? पत्रकावर?" मी म्हणालो. "ताई, लोक काय म्हणतील? गणवेशाचा आहे की."

"गणवेशाचा पुष्कळ लावला," ती म्हणाली. "दीड वर्ष मी सार्जंटसाठी भांडले, मेतोदी. सगळ्यांना ओरडून सांगितलं, सार्जंट होता, सार्जंट होता. सरकारलाही पटलं. पण घरी मी कधी सार्जंटबरोबर राहिले नाही रे. हा माणूस गेला आणि ह्याच्यासाठी रडायला मला सवडच झाली नाही."

आणि ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसून रडायला लागली. भट्टीवर रडली नव्हती, दफनात नाही, बेकरीपुढे पडली तेव्हाही नाही. आता रडत होती, मोठ्यानं, पोरीसारखी. मी यंत्र बंद केलं. मला कुझ्मानदादाच्या बाजेचा, त्या मांजराचा, सगळ्याचाच फार कळवळा आला. मी दार लावून घेतलं, कारण बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि हा त्यांचा विषय नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. मी विचारलं, "मजकूर काय घालू?"

"नाव घाल."

"पलटण?"

"नको."

"मग नावाखाली काय?"

तिनं फोटोकडे पाहिलं. "लिही, फार घोरायचा. आता घोरणं ऐकू येत नाही म्हणून मला झोप लागत नाही."

मी तसंच छापलं.